माणसं मोजा

आमच्या लहानपणी किल्ल्यावरच्या रहिवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न फार सोपा होता. दिवाळीत चाळीच्या मागच्या कोपऱ्यात दगड, विटा, पोतं आणि चिखल यांचा किल्ला उभा राहायचा, त्यावर अळीव पेरलेलं असायचं आणि मग मातीची चित्रं मांडली जायची. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि उरलेल्या जागेत सामान्य जनता: गवळण, भाजीवाली, जात्यावर बसलेली बाई, शिवाय मावळ्याच्या दुप्पट उंचीचा एक कोंबडा. शत्रू दोनच. एक अवकाळी पाऊस आणि दुसरं देसाईकाकूंचं मांजर. दोघांवरही उपाय एकच. सगळ्यांना उचलायचं, चपलांच्या खोक्यात भरायचं आणि घरात न्यायचं. गवळण कधी म्हणाली नाही, "जरा थांबा हं, माझी कळशी राहिली."

ही पुण्याई तेव्हा कळली नव्हती.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि लेकीने माझ्या लॅपटॉपवर 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस', म्हणजे 'बुटक्यांचा गड', नावाचा खेळ घालून दिला. "बाबा, तू आयुष्यभर हिशेब केलेस. तुला हे आवडेल." खरं कारण पुढे कळलं. 'यांना कशात तरी गुंतव' असा तिच्या आईचा तिला निरोप होता.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी हा खेळ 2002 साली करायला घेतला, 2006 मध्ये तो लोकांना फुकट खेळायला दिला आणि अजून तो पुरा झालेला नाही. आपल्याकडचे काही उड्डाणपूल सोडले तर इतकं चिकाटीने अपुरं राहिलेलं काम माझ्या पाहण्यात नाही. बरीच वर्षं त्यात चित्रं नव्हतीच, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. हसरा चेहरा दिसला की तो आपला बुटका, आणि रोमन लिपीतला धाकटा 'जी' दिसला की गॉब्लिन, म्हणजे शत्रू, म्हणजे पळा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला तो अशा अक्षरी अवस्थेतच. डिसेंबर 2022 मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात चित्रांसकट विकतची आवृत्ती आली. माझ्याकडे ती आहे. माझा गॉब्लिन गॉब्लिनसारखा दिसतो. त्याने फार फरक पडत नाही.

सात बुटके एका गाडीनिशी डोंगराच्या पायथ्याशी उतरतात आणि डोंगर पोखरू लागतात. जमिनीखाली शेती करतात, अळंब्या पिकवतात, त्यांची दारू गाळतात. ही दारू चैनीची नव्हे. ती मिळाली नाही तर ते कामात ढिले पडतात. चार पैसे दिसू लागले की बाहेरून माणसं येऊन मिळतात, लग्नं होतात, पोरं होतात. आकडा मुद्दाम वाढवला नाही तर वस्ती दोनशेच्या आसपास थांबते. आणि या दोनशेतल्या एकालाही तुम्ही थेट हुकूम देऊ शकत नाही. 'इथे खणायचं आहे' अशी खूण करून ठेवायची. ज्याला सवड असेल तो येईल, वाटेत जेवेल, एखाद्या पुतळ्यापुढे थबकून त्याचं कौतुक करेल आणि मग खणेल. गृहनिर्माण सोसायटीचा सचिव म्हणून मी नऊ वर्षं काढली आहेत. मला यात नवीन काही वाटलं नाही.

खेळात त्यांची नावं त्यांच्याच भाषेतली असतात. ती लक्षात राहीनात, म्हणून मी टोपणनावं दिली. देवनागरी चालत नाही, तेव्हा रोमन अक्षरांत का होईना, पण गडावर बाबल्या मासे पकडू लागला, दाजी लोहारकाम करू लागला, गंगू कापड विणू लागली. शेजारच्या खोलीतून ही विचारायची, "काय चाललंय?" मी म्हणायचो, "दाजीला झोपायला खोली करतोय." एकदा तिने फोनवर बहिणीला सांगितलेलं ऐकलं, "नाही गं, तसे बरे आहेत."

गडावर संपत्ती साठली आणि वस्ती वाढली की गॉब्लिन येतात. गरिबाच्या वाट्याला तसे ते जात नाहीत. माझी वस्ती नव्वदीच्या घरात गेली आणि एका शरद ऋतूत खेळ आपणहून थांबला. अंधारातली एक दुष्ट फौज येऊन ठेपल्याची बातमी मधोमध झळकली. मी घाबरलो नाही. माझ्याकडे उचलता पूल होता. तो उभा केला की त्याची भिंत व्हायची आणि गॉब्लिनांना ती फोडता यायची नाही. म्हणजे पूल उचलायचा आणि चहा घ्यायचा, इतकंच काम.

पण पूल उचलायला खटका ओढावा लागतो, आणि खटका मी ओढू शकत नाही. 'खटका ओढावा' अशी नोंद मी करतो. मग कुणीतरी रिकामा बुटका ती नोंद अंगावर घेतो. खटका मी सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात खालच्या मजल्यावर, भट्टीजवळ बसवला होता. शत्रूचा हात तिथवर पोचू नये, असा हिशेब. आमचाही पोचत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. नोंद घेतली दाजीने. दाजी त्या वेळी सगळ्यात वरच्या मजल्यावर एक पिंप हलवत होता. मी पाहत राहिलो. दाजी जिना उतरतोय. दाजी अजून उतरतोय.

इकडे बाबल्या नदीवर. त्याला गॉब्लिन दिसला. ताबडतोब पाटी आली: मासेमारी रद्द, शत्रूमुळे व्यत्यय. शाबास, म्हटलं. बाबल्या पळत सुटला. पंचवीसेक पावलांवर झाडामागे गेला, गॉब्लिन दिसेनासा झाला. दिसेनासा झाला म्हणजे गेला. बाबल्या वळला आणि पुन्हा नदीवर मासे धरायला जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याला गॉब्लिन दिसला. मासेमारी रद्द. हे तीन वेळा झालं. वेंधळेपणा म्हणाल तर तसंही नाही. रेल्वेचं फाटक पडत असताना खालून स्कूटर काढणारी माणसं मी रोज बघतो. संकट दिसतंय तोवर संकट, नजरेआड झालं की आपलं काम.

चौथ्यांदा मात्र बाबल्या खरोखर गडाच्या दिशेने धावला. पुलावर आला, अगदी मधोमध. आणि त्याच क्षणी खाली सगळे मजले उतरून पोचलेल्या दाजीने खटका ओढला.

उभ्या राहणाऱ्या पुलावर कुणी असेल तर पूल त्याला थांबून विचारत नाही. बाबल्या उडाला. आतल्या बाजूला पडला हे त्याचं नशीब. एक पाय मोडला आणि सोबत आणलेला मासा खंदकात गेला. संध्याकाळी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली.

"बाबा, बरो केला होतास का?"

मी मूळचा मालवणकडचा. आमच्यात 'बरो' म्हणजे चांगला. म्हटलं, "बरो खयचो? पाय मोडलो त्याचो!"

बरो हे इंग्रजीत बिळाचं नाव. खेळात गडाचा हवा तो भाग रंगवायचा आणि 'हे बीळ' म्हणून नाव द्यायचं. मग पथकांच्या फलकावर नागरी इशाऱ्याची सोय असते. तिथे हे बीळ नेमून द्यायचं. शत्रू आला की इशारा चालू करायचा, की सैनिक सोडून सगळी मंडळी हातातलं टाकून बिळाकडे निघतात. निघतात एवढंच. पोचण्याचं जिन्यांवर, अंतरावर आणि दैवावर. म्हणून आधी इशारा, मग माणसं मोजायची आणि नंतरच पूल. "हा क्रम चुकला की संपलं," लेक म्हणाली. "आणि खटका जेवणघरात हलव. रिकामटेकडे तिथेच असतात."

ही शेवटची सूचना मला फार खोल वाटली. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा कॉक आम्ही गच्चीवर ठेवला होता. तो कॅरमच्या टेबलाशेजारी असता तर टाकी एकदाही वाहून गेली नसती.

मी मन लावून बीळ रंगवलं. जेवणघर, दवाखाना, विहीर, निजण्याच्या खोल्या. पुढची फौज आली ती वसंतात. इशारा दिला, आणि काय सांगू, माणसं आली! सुतार आले, गवंडी आले, कुबडी घेऊन बाबल्या आला. मोजली, सगळी होती. खटका जेवणघरात, तो ओढायला अकरा जणांची झुंबड. पूल वर गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं, "एकही माणूस बाहेर नाही." ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे, तिथे बघा."

दूध बघून येईपर्यंत गडावर चेहरे पडायला सुरुवात झाली होती. जेवणघर बिळात होतं, पण कोठार शेजारच्या दालनात होतं आणि ते मी रंगवलं नव्हतं. दारू गाळायची खोलीही नाही. म्हणजे नव्वद माणसं मेजांभोवती बसलेली, आणि दारापलीकडे, दहा पावलांवर, दारूची पिंपं. मी बिळाची हद्द घाईघाईने वाढवली, तरी विहिरीचं पाणी पिऊन तोंडं जी वाकडी झाली ती झालीच. बुटक्याला पाणी पाजणं हा तिकडे अपमान समजतात.

या वेढ्याच्या सुमारास गंगूची गंमत पाहिली. तिकडच्या आया तान्हं मूल काखोटीला मारूनच सगळी कामं करतात, अगदी तलवार चालवण्याचंही. पण मूल हातातून सुटलं की हातचं काम रद्द होतं आणि कारणात लिहून येतं: बाळाला शोधत आहे. वेढा पडायच्या थोडंच आधी गंगूच्या नावासमोर ती ओळ उमटली तेव्हा माझं घड्याळ थांबलं. बाळ बाहेरच्या अंगाला होतं. तिने ते उचललं आणि ती वळली. पुढचं मी डोळे किलकिले करून पाहिलं. आली ती आत.

तेव्हा हिरकणी आठवली. कोजागिरीला दूध घालायला रायगडावर आलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झालेले, गडाखाली तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली. तेव्हा मी हिरकणीच्या बाजूने असायचो. आता पहिल्यांदाच मला त्या दरवाजावरच्या माणसाच्या मनात काय आलं असेल असं वाटलं. हुकूम म्हणजे हुकूम, ठीक. पण दरवाजा लावण्याआधी आतले कोण, बाहेरचे कोण, याची मोजणी केली होती का? महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. लहानपणी मला तो बुरूज म्हणजे निव्वळ गौरव वाटायचा. एक गड चालवून पाहिल्यावर कळतं की बाईचं कौतुकही झालं आणि तटाचं भोकही बुजलं. असा कारभारी दोनशे बुटक्यांना मिळाला असता तर!

असो. वेढ्यात बसलेल्या माणसांना आणखी एक खोड असते. गडावरच्या कुणाही कारागिराच्या कधीही अंगात येतं. तो एक कार्यशाळा बळकावतो आणि मनात आलेल्या वस्तूसाठी लागणारं सामान मिळेपर्यंत हटत नाही. मिळालं तर अशी कलाकृती करतो की गडाची कीर्ती वाढावी. नाही मिळालं तर वेडा होतो. आमच्या सुताराच्या अंगात नेमकं वेढ्यात आलं. त्याला काय हवं होतं? शिंपला. कोकणात असतास तर पायलीभर दिले असते रे, मी पडद्याला म्हणालो. इथे नदी बाहेर, मासेमार कुबडीवर, पूल वर. वेढा उठायच्या आत सुतार गेला. त्याचं दुःख मला अजून आहे, आणि हेही सांगतो की त्याच्याशिवाय आमच्याकडे पलंग करणारं दुसरं कुणी नव्हतं.

गॉब्लिन कंटाळून निघून गेले. मी पूल खाली घेतला आणि पुढे दोन ऋतू गडावर काहीच घडलं नाही. खाण बंद, लाकूडतोड बंद, बाहेरचा बाजार कोरडा. व्यापारी माल घेऊन येत, आमचं कुणी त्यांच्याकडे फिरकत नसे. मला वाटलं सुतकात आहेत. शेवटी लेकीला फोन लावला.

"बाबा, इशारा बंद केलास ना?"

घरातून लग्नाला निघताना जिन्यात थांबून गॅस बंद केला का, हे मी या घरात तीस वर्षं विचारत आलो आहे. आमची एक गाडी त्यापायी चुकलेली आहे. आणि नव्वद माणसांना मी सहा महिने जेवणघरात कोंडून ठेवलं होतं. हिच्यासमोर हे अर्थातच बोललो नाही.

आता खरा शत्रू. मोजा.

गॉब्लिन मरतो तेव्हा त्याच्या अंगावरचं सगळं तिथेच पडतं: शिरस्त्राण, चिलखत, बूट आणि मोजे. शिरस्त्राण भट्टीत वितळवलं की लोखंड मिळतं. लोखंडाच्या खाणीविना तग धरलेले गड आहेत ते या कृपेवर. म्हणून मी लोभाने एक चूक केली. मेलेल्या शत्रूच्या वस्तूंना कुणी हात लावू नये अशी बंदी घालता येते. ती मी उठवली. उठवताना माझ्या डोळ्यांसमोर लोखंड होतं. पण बुटक्यांच्या अंगावरचे कपडे वर्षागणिक विरतात, फाटतात, आणि फाटके कपडे त्यांना मनापासून खुपतात. त्यातच गॉब्लिन आणि बुटके अंगाने सारखेच, त्यामुळे एकाचे कपडे दुसऱ्याला बेतल्यासारखे बसतात. म्हणजे गडाबाहेर, बाणांच्या टप्प्यात, मेलेल्या माणसाच्या पायात, अगदी आपल्या मापाचा मोजा. एक. मोजे तिथे जोडीने मोजत नाहीत, सुटे असतात, आणि एकाच पायाचा मोजा फाटला असेल तर माणूस एका मोज्यासाठीच निघतो.

आमच्या घरी हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. पहिल्या पावसाचा थेंब पडला की आई अंगणातल्या पापडांकडे धावायची. विजा कडाडत असत. "अगो, आत ये!" असं बाबा पडवीतून ओरडायचे, आणि ती "ही एक खाट काढूक दी" म्हणत तिसरी खाट काढायची. पापड वाचले, आई भिजली, आणि बाबांनी पुढे वर्षभर ते पापड खाल्ले. तेव्हा बुटक्यांना हसण्याचा मला तसा काही हक्क नाही.

परवा तिसरी मोठी फौज आली. या वेळी सोबत ट्रोल होते, म्हणजे दारं मोडणारी धिप्पाड जनावरं. मी तयार होतो. बिळात कोठार, गाळणीघर, विहीर, खाटा, सगळं. बंदी पुन्हा लावलेली. खटका जेवणघरात. इशारा दिला. नदीवरून, रानातून, शेतातून माणसं ओघाने आत येऊ लागली; बाबल्या सगळ्यात पुढे, त्याला आता अक्कल आलेली. ही खुर्ची ओढून शेजारी बसली होती. "तो कोण, लंगडा?" "बाबल्या." "बरा धावतो की." शेवटचे तिघे पुलावरून आत आल्यावर मी नोंद केली, खटका ओढला गेला, पूल उभा राहिला. गॉब्लिन खंदकापलीकडे येऊन थांबले.

"माणसं मोजली का?" हिने विचारलं.

मोजली. एकशे बारा हवे होते. एकशे अकरा होते.

नावांची यादी लावली. लोहारशाळेतला दाजी नव्हता. खालचे मजले पाहिले, भट्टी पाहिली, झोपायच्या खोल्या पाहिल्या. मग हिनेच बोट दाखवलं. खंदकाच्या पलीकडे, झुडपाच्या कडेला, गॉब्लिनांच्या पाठीमागे दाजी उभा होता. बंदी लावण्याच्या आधीच्या एका वस्तूवर त्याने हक्क सांगून ठेवलेला होता, ती आणायला तो गेला होता, आणि ती त्याने पायात घातलीही होती.

मी खेळ थांबवला. मग त्याच्या नावावर टिचकी मारून त्याच्या मनात काय चाललंय ते उघडलं. वेढ्याचा उल्लेख नव्हता. नुकतीच एक वस्तू मिळाल्यामुळे दाजी समाधानी होता.